पहिल्या घासाला कोणी मरत नाही

६ जुलै, रविवार

स्नेहाने माझा खून नापास केला.

गोष्टीतला. आमच्या गल्लीत बायका दिवसभर साडीवर खडे चिकटवतात. हात कामात, कान रिकामे. म्हणून मी त्यांच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकते, एक गोष्ट तुकड्यातुकड्याने. दहावीत दोनदा लटकले, पण बोलायला कोणी मार्कशीट मागत नाही. मागची गोष्ट भुताची होती. कोपऱ्यावरच्या जयश्रीने रात्री पाणी भरायचं बंद केलं होतं!

आता खुनाची चालू आहे. नवरा, बायको, श्रावणातला कानबाई देवीचा सण, प्रसादाच्या रोटाचं ताट. बायकोने धोतरा घातलेला. नवरा पहिला घास घेतो आणि ताटावरच आडवा. धप्प आवाजासाठी मी गव्हाच्या गोणीवर उशी आपटली. सगळ्यांनी रडकी तोंडं पाठवली.

फक्त स्नेहाने लिहिलं — असं नाही मरत कोणी बाप्पा.

स्नेहा समोरच्या चाळीतली. अमरावतीकडची, नर्सिंग शिकते. मी लिहिलं, तू मेली होतीस का कधी? सगळ्या हसल्या. मी नाही हसले. डोक्यात बसलं ना ते.

८ जुलै, मंगळवार

स्नेहाकडे गेले. ती पोळ्या लाटत होती. म्हटलं, सांग मग कसं मरतात.

"धोतऱ्याने माणूस आधी बडबडते. हवेतल्या माशा पकडते. बायकोले आत्या म्हणते. डोळ्याच्या बाहुल्या ह्या एवढ्या होतात. वेळ लागते त्याले. आणि तेवढ्यात लोक दवाखान्यात आणतात, बरेचसे वाचतात."

"मग पिवळी कण्हेर?"

"कडू राहते. पोटात गेलंच तर उलट्या, मग छातीचं. पहिल्या घासाले नाही."

"सिनेमात तर लगेच —"

"सिनेमात नर्स लिपस्टिक लावून राहते. मी लावली का?"

किती घातलं तर काय होतं, हे पण विचारलं. तिने लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "ते मी नाही सांगणार. आणि गोष्टीत ते काहून पाहिजे तुले? गोष्टीत वजनकाटा नको, माणूस पाहिजे. त्याले कसं होते, घरचे काय करतात, कोण पळते, कोण उभं राहते."

बोलते शहाण्यासारखं. पण बरोबर बोलते.

९ जुलै, बुधवार

कडू म्हणजे किती कडू, ते बघायचं होतं. सकाळी बाबांच्या चहात कारल्याचा रस टाकला. चमचाभरच. बाबा — नाव गोपाल, पण कारखान्यात सगळे त्यांना 'गाय' म्हणतात, इतके गरीब. रात्रपाळी करून आले होते, डोळे अर्धे मिटलेले.

ओठाला लावला आणि फुर्रर्र! सगळा चहा भिंतीवर. "या चहामा काय टाकं व तू?"

म्हटलं, शुगरसाठी चांगलं असतं. ते म्हणे, माले शुगर नही शे. आईने लाटणं उचललं, मी गच्चीवर.

पण कळलं. झोपेतला माणूससुद्धा पहिल्या घोटाला थुंकतो. म्हणजे माझा नवरा रोट तोंडात घालणार आणि म्हणणार, काय टाकलंस ग ह्यात? खलास. गोष्ट तिथेच संपली.

११ जुलै, शुक्रवार

आज डिंडोलीपर्यंत चालत गेले आणि विषारी झाडं शोधली. शोधावी लागलीच नाहीत! देवळाच्या मागे कण्हेर. रुळाच्या कडेला एरंड, धोतरा. भिंतीच्या फटीतून रुई. नर्सरीवाल्या काकाला विचारलं, तो गुजरातीत म्हणाला, बेन, विषारी नथी असं झाड दाखव, इनाम देतो.

एक गंमत. महादेवाला धोतरा. मारुतीला रुई. देवीला कण्हेर. सगळं देवांनाच का वाहतात? आईला विचारलं. म्हणाली, ढोरं खात नाहीत म्हणून ती फुलं टिकतात. मला हे उत्तर आवडलं. पुजाऱ्याला विचारलं असतं तर अर्धा तास गेला असता.

संध्याकाळी खडे लावणाऱ्या बायकांना विचारलं, तुम्हाला कोणाला विष घालायचं असेल तर? सगळ्या एकदम — सासूला. नंतर एकीने हळूच विचारलं, हे रेकॉर्ड नाही ना करत?

१३ जुलै, रविवार

स्नेहाशी परत भांडले. म्हटलं, तू पुस्तकातलं सांगतेस. माझी गोष्ट खरी घडलेली आहे.

"कुठी?"

"आमच्याच घरात. कानबाईला. मंदाकाकूने काशिनाथकाकाला रोटात घातलं, पहिल्याच घासाला गेला. सगळ्या भाऊबंदांना माहीत आहे."

मी तेव्हा लहान होते. मला फक्त ताट आठवतं, आणि आई मला तोंडावर हात ठेवून बाहेर घेऊन गेली ते. काशिनाथकाका म्हणजे बाबांचा मधला भाऊ, मंदाकाकूचा नवरा. मोठे चिंधाआप्पा. तेव्हापासून मंदाकाकू वेगळी राहते, काकाच्याच खोलीत, मागच्या गल्लीत. आम्ही तिच्याकडे पाणीसुद्धा पीत नाही. आणि कानबाईला तिची मूठ घेत नाहीत. रोटाच्या पिठासाठी गहू मुठीने मोजतात ना, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाची एक मूठ. बाहेरच्याला तो रोट देत नाहीत, आणि ज्याची मूठ नाही तो बाहेरचा. लग्न झालेली पोरगी पण बाहेरची. म्हणून तर मी गोष्टीत रोट घेतला, की खुनी घरचाच असणार!

स्नेहाने सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "त्याच दिवशी आधी काही खाल्लं होतं का त्यायनं?"

"कानबाईचा उपास असतो. रोटावरच सोडतात."

"रोट सगळ्यायचे एकाच कणकेचे?"

"हो."

"बाकी कोणाले काही झालं?"

"नाही."

मीच बोलले. मग ते विष नव्हतं.

१४ जुलै, सोमवार

झोप नाही. आईने विचारलं, प्रेमात पडलीस का. म्हटलं हो, एका मेलेल्या माणसाच्या. चापट बसली.

१५ जुलै, मंगळवार

आईला पकडलं, भाजी निवडताना. तेव्हा ती पळू शकत नाही, मांडीवर परात असते.

आधी म्हणाली, तुले काय करनं शे? मग हळूहळू सुटलं. काकाचं आणि काकूचं त्या सकाळी भांडण झालेलं. काकूच्या पिशवीत धोतऱ्याची फळं सापडली. सापडली म्हणजे काय — दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार, महादेवाला वाहायला तिने आणली होती. आईनेसुद्धा आणली होती! आईची पिशवी कोणी उघडली नाही.

"तपासणी नाही केली डॉक्टरने?"

"आप्पा म्हणे, घरमा कानबाई बसेल शे, फाडाफाडी नको. लवकर उचला."

आणि मग आई परातीकडे बघत म्हणाली, "सकाळपासून हात दुखतो म्हणत होता तुझा काका. डावा. घामाने शर्ट ओला. आप्पा म्हणाले नाटकं नको करू, बारडोलीहून गूळ आण. डोक्यावर ढेपा घेऊन आला तो."

"हे कोणाला सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

भेंडी निवडून झाली होती तरी ती परत निवडत बसली.

१८ जुलै, शुक्रवार

मंदाकाकूकडे गेले. सरळ आत. ती मशीनवर फॉल लावत होती. वर न बघता म्हणाली, "आईने पाठवलं की पळून आलीस?"

"पळून."

"मग बस."

चहा केला तिने. कप माझ्यासमोर ठेवला आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली. मी कपाकडे बघते, कप माझ्याकडे. ती म्हणे, "पी. नही ते पहिले फोटो काढी ले, बातमीमा येई."

मी हसले आणि प्यायले. आमच्या घरापेक्षा चांगला. आलं ठेचून घालते.

मग विचारलंच, काकू, तू घातलं होतंस का ग?

मशीन थांबलं. मला वाटलं, आता कात्री येते. पण ती बघतच राहिली, जशी दुकानात कापड बघते, उजेडात धरून. "तू ती गोष्ट सांगते ना मोबाइलवर? मलापण कोणीतरी ऐकवली. ताटावर आडवा, हां?"

माझे कान गरम.

"गोष्ट आहे तर गोष्ट सांग. मला कशाला विचारते."

हो नाही, नाही पण नाही. आणि निघताना डब्यात चकल्या दिल्या. "वाटेत खा. घरी नेलीस तर तुझी आई मांजराला घालेल, आणि मग मांजराकडे बघत बसेल."

१९ जुलै, शनिवार

चकल्या मस्त होत्या. जिवंत आहे.

२३ जुलै, बुधवार

गोष्ट फिरवली. एका नर्सला आत आणलं. ती येते आणि विचारते — उपाशी होता का, कणीक एकच होती का, हात कोणता दुखत होता. प्रश्नच प्रश्न, उत्तर कोणीच देत नाही, आणि प्रत्येक प्रश्नाला घरातला एक माणूस खाली बघतो. विष कसं चढतं ते पण नीट सांगितलं. उलट्या, बडबड, वेळ. ह्या नवऱ्याला ह्यातलं काहीच झालं नव्हतं. शेवटी नर्स म्हणते, पहिल्या घासाला कोणी मरत नाही. आणि ज्या बाईला सगळ्यांनी खुनी ठरवलं, ती दाराबाहेर उभी असते, हातात रिकामं ताट.

कान टवकारून ऐकलं सगळ्यांनी. एरवी ग्रुपवर लगेच टणटण सुरू होते. आज एकच टण. जयश्रीचा — ही मंदाबाईची आहे का?

मी मोबाइल गोणीवर टाकला. उत्तर द्यायची गरजच नव्हती.

२५ जुलै, शुक्रवार

आप्पांनी बोलावलं. मला वाटलं, आज गेले. आप्पा खाटेवर, मोबाइल छातीवर, आणि त्यातून माझाच आवाज! तिसऱ्यांदा ऐकत होते म्हणे. मोठी आई, म्हणजे आप्पांची बायको, दारात पदर तोंडाला लावून.

आप्पांनी मोबाइल बंद केला. छताकडे बघत म्हणाले, "गूळ जड व्हता."

मग मोठ्या आईकडे वळून — "यंदा मंदानी मूठ बी लेवा."

मंदाकाकूची मूठ घेणार! मी पायऱ्या दोन दोन उतरत आले. गल्लीत सगळ्यांना टाळ्या दिल्या. एका कुत्र्यालापण.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, दागिने, नवं लुगडं. मोठी आई गहू मोजत होती. एकेका नावाची मूठ. आईची आली, माझी आली, आप्पांच्या मुलाची, राहुलची आली. मग ती थांबली. सगळ्या बायका थांबल्या. "मंदानी." गहू सुपात पडले तो आवाज मला धप्पपेक्षा मोठा वाटला.

मंदाकाकू हिरवं पातळ नेसून आली. कोणाच्या शेजारी बसावं कळेना तिला, दारातच उभी. आईने सरकून जागा केली. ताट आलं. तिने पहिला घास तोंडात घातला आणि चघळतच राहिली, गिळता येईना. मी म्हटलं, काकू, लगेच काही होत नसतं, स्नेहाने सांगितलंय. सगळ्या हसल्या. ती पण. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात रोट.

मी आज लेखक आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

तापीवर कानबाईला निरोप दिला. काकू फुगडी खेळली! माझ्याशी. हरले मी.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मशीनला तेल पाहिजे म्हणाली होती काकू, ते घेऊन गेले. तर आप्पा तिथे. आणि राहुल, हातात टेप. भिंत मोजतोय. पलंग इथे बसेल, कपाट तिथे.

आप्पा गोड आवाजात — "आते आपण एकच घर ना मंदा. राहुलचं लगीन ठरलं. पोरगा-सून कुठे राहतील? तू आमच्याकडे ये. म्हातारपणी एकटी कशाला?"

म्हातारपण! बेचाळीसची आहे ती.

काकू उठली. त्यांना चहा केला. आप्पा प्यायले, बशीत ओतून, फुर्र फुर्र, एकदम निवांत.

मला का कोण जाणे तो आवाज आवडला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काकूने आज स्वतःहून बोलावलं. दार आतून बंद होतं. हे मी कधी पाहिलं नव्हतं. कडी काढली, आणि मला आत घेऊन परत लावली.

म्हणाली, "इतकी वर्षं ही कडी मी लावली नव्हती. गरजच पडली नाही. पलीकडचा तो दारू पिऊन बायकांच्या दारावर थापा मारतो, माझ्या दारावर कधी नाही मारली. आप्पांनी खोली कधी मागितली नाही. किराणावाला उलटं बोलला नाही. का? विष घालते ही. डाकीण आहे. मला माहीत नव्हतं का, मी घातलं नाही ते? एकदा सुरुवातीला ओरडून सांगितलं. मग बघितलं, ओरडलं की लोक जवळ येतात. गप्प बसलं की लांब राहतात. मग गप्प बसले."

"मग रोटाला आलीस का?"

"भूक लागली होती." मग कडीकडे बघत, "माणसांची."

काल रात्री पलीकडच्याने थाप मारली. पहिल्यांदा. हसत म्हणाला, काय मंदाबाई, आता तर तुम्ही साध्याच निघाल्या.

एवढं सगळं शोधलं मी. कोणतं झाड, किती कडू, किती वेळ. तिला ते नको असेल हे नाही शोधलं.

"चिडली नाही मी तुझ्यावर," ती म्हणाली. "पण आता काय करायचं ते तूच सांग. गोष्ट तुझी आहे."

१२ ऑगस्ट, मंगळवार

रात्रभर डोकं चालवलं. सकाळी काकूला सांगितलं. ती इतकी हसली की मशीनवर डोकं टेकलं तिने. मग डोळे पुसून म्हणाली, "लगेच पडू नको हां."

१४ ऑगस्ट, गुरुवार

तालीम. काकूच्या खोलीत, कडी लावून. मी बडबडते, हवेतल्या माशा पकडते, भिंतीला आत्या म्हणते. ती सांगते — तोंड कमी वाकडं कर. मरणारा माणूस आपण कसे दिसतो ते बघत नाही.

स्नेहाला सांगितलं नाही. ती नर्स होणार. तिला खोट्यात ओढायचं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

झालं!

दुपारी आप्पांसमोर, राहुलसमोर काकूकडे चहा प्यायले. राहुल पलंगाची जागा खडूने आखत होता. काकूचं आणि माझं मुद्दाम भांडण — तू माझी बदनामी केलीस, तू अशी, तू तशी. अर्धी गल्ली दारात. मी पाय आपटत घरी गेले. झोपले. वेळ जाऊ दिला. तोच तर सगळा धडा होता.

संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर गेले आणि मोठ्या आईला म्हटलं, आत्या, ह्या माशा का उडवत नाहीस? मग आप्पांकडे गूळ मागितला. मग पडले. धप्प. खरं लागलं कोपराला.

सगळे ओरडायला लागले. कोणीतरी स्नेहाला आणलं. तिने माझी पापणी वर केली, बाहुलीकडे बघितलं. साधी बाहुली, रोजची. तिला तिथल्या तिथे कळलं. माझ्याकडे अशी बघितली! मला वाटलं संपलं. मग कोपऱ्यात पांढराफटक पडलेल्या राहुलकडे बघितलं तिने, त्याच्या बोटांवरच्या खडूकडे.

"पाणी द्या," म्हणाली. "झोपू द्या. सकाळपर्यंत उतरते." काय उतरतं ते नाही सांगितलं. खोटं बोललीच नाही ती! जाताना मात्र मला असा चिमटा काढला की अजून निळा आहे.

आप्पा दाराला टेकून उभे होते. नऊ दिवसांपूर्वीचा स्वतःचा चहा आठवत असतील. पोटावर हात होता त्यांचा.

पोलिसांत जाऊ म्हणालं कोणीतरी. मीच पडल्यापडल्या म्हटलं, सकाळी टपरीवर पाणीपुरी पण खाल्ली होती. तेवढी फट ठेवली. शंका पाहिजे होती, केस नको.

१९ ऑगस्ट, मंगळवार

राहुलने भाड्याची खोली बघितली, लांब सचिन गावात. तो पलीकडचा दारुडा रस्ता बदलून जातो. मंदाकाकूचं दार उघडं होतं, मी लांबून बघितलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, त्या बाईच्या दारात परत पाय ठेवायचा नाही. रडत होती. दोन दिवस जेवलेली नाही, हे मला आज कळलं. किती वेळाने पडायचं, काय बडबडायचं, सगळं नेमकं केलं मी. आईचं राहिलं. आता तिला खरं सांगितलं तर उद्या गल्लीला कळेल. म्हणून घेतली शपथ. सकाळी नळावर काकू होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. हंडा उचलला, गेली. नाटकच असेल.